गोंद

लेबलावर चार सेंटिमीटर जागा उरली आहे
आणि मिलानहून फोन: तिथे ‘नैतिक’ छापा.
हिरव्यात. शेजारी पान असलं तर बरं.

मी एर्मेलिंदा. फोज्जाच्या मैदानात, चेरिन्योलाच्या अलीकडे,
आमच्या सहकारी कारखान्यात लेबलं जुळवते.
ऑगस्टात इथे वारासुद्धा उकडून निघतो.
टोमॅटोच्या साली पूर्वी डुकरांना जायच्या,
आता कागदाच्या लगद्यात जातात,
म्हणून आमचं लेबल किंचित लालसर,
उजेडात धरलं तर एखादं बी दिसतं.
काच परत येते. झाकण परत येत नाही,
त्यावर बैठका चालू आहेत.
मला खरा अभिमान गोंदाचा:
कोमट पाण्यात दहा मिनिटं, लेबल आपसूक सुटतं,
काचेवर डाग नाही, बोटाला चिकटपणा नाही,
इथे काही होतं
अशी खूणसुद्धा नाही.

तोरिनोहून तपासनीस बाई आल्या.
पुठ्ठा वाकवून पाहिला, बरणी तोलली,
पूर्वीपेक्षा तीस ग्रॅम हलकी. शाबास म्हणाल्या.
मग छत्री उघडून शेतात गेल्या.
एब्रिमा वाकलेला होता.
झाड मुळासकट उपटायचं, पेटीवर झटकायचं,
टोमॅटो गारांसारखे पडतात.
तीनशे किलोंची एक पेटी.
पाणी मिळतं?
मिळतं.
सावली?
एब्रिमाने कंबर सरळ केली, चारी दिशांना पाहिलं.
क्षितिजापर्यंत एकच सावली होती,
बाईंच्या छत्रीची.
हसू नये अशा वेळी मी हसले. तोही.

रात्री मला कल्पना सुचली, झकास वाटली:
तोडणाऱ्याचं नाव छापू.
एब्रिमा चाम. खाली, जमलं तर,
गांबिया नदीची एक निळी रेघ.
नमुना बरणीला लावून त्याच्याकडे गेले,
जुन्या धावपट्टीवर पत्र्याचे खोके आहेत, तिथे.
त्याने नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
मग बरणी बादलीत बुडवली.
आम्ही बसून राहिलो. भात शिजत होता.
दहा मिनिटंही लागली नाहीत.
नाव वर आलं, एक गिरकी घेतली,
पालथं पडलं.

‘छान गोंद आहे,’ तो म्हणाला.

उशाखालून वही काढली, शाळकरी, चौकटींची.
जूनपासूनचा एकेक दिवस, एकेक रेघ, पाचापाचांच्या जुड्या.
एकाहत्तर.
‘आणि तुमच्या रजिस्टरात?’

रजिस्टर सव्वेरिओकडे असतं. माझा मावसभाऊ.
त्यात वीस आहेत, मला ठाऊक होतं.
एक्कावन्न भरले तर हिवाळ्यात सरकारी भत्ता मिळतो,
हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.
‘नाव बरणीवर नको,’ एब्रिमा म्हणाला,
‘तिथे लिहा. सगळे दिवस.’
आणि व्हॅनवाल्याचे रोजचे पाच युरो?
ते मी विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही.
माझी आईही अशाच गाडीत, मागच्या फळीवर बसून
ह्याच शेतांत यायची.
तिचे दिवस किती भरले,
हेही मी कधी विचारलं नाही.

सव्वेरिओ अंजीर सोलत होता.
‘तू कागद बघ,’ म्हणाला, ‘माणसं मी बघतो.’
आणि सोललेलं अंजीर माझ्यापुढे धरलं.
मी खाल्लं. गोड होतं, काय करणार.

मिलानला कळवलंय: जागा कोरी जाईल.
का, असं त्यांनी विचारलंय. चार दिवस झाले.

ओट्यावर तपासनीस बाईंचा पत्ता आहे,
वहीच्या बारा पानांची झेरॉक्स आहे,
आणि सव्वेरिओच्या धाकटीचं चित्र,
बाप्तिस्म्याला तिला मीच हातांवर धरलं होतं.
रविवारी त्यांच्याकडे जेवण आहे.

पाकिटाला आमचा गोंद चालला नसता.
दुकानातून जुना आणला, खळीच्या वासाचा.
दुपारपासून बोटं एकमेकांना चिकटताहेत,
धुतली तरी.